पुष्पलतानं डोकं दाबणं सोडलं

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात पुष्पलतानं सासूसासऱ्यांचं भांडण ऐकलं. मुद्दाम नाही, पोळ्या लाटताना कान काय काढून ठेवायचे? सासरे बाबाराव म्हणत होते, तू लहानपणी गणपतचं डोकं नीट दाबलं नाहीस, म्हणून तो ढ निघाला. सासू मीराबाई मालिशवाली. अर्ध्या वस्तीची बाळं तिच्याच पायांवर न्हालेली. ती म्हणाली, "दाबलं तं मी. पण डोकं बापाचं घेऊन आलं पोट्टं, मी काय करू?"

तो ढ म्हणजे पुष्पलताचा नवरा. तिनं तेव्हाच ठरवलं, आपल्या हातून असा दुसरा निघू द्यायचा नाही. सासूकडून ती मालिश शिकली आणि पुढं कित्येक वर्षं बाळांची डोकी रव्याच्या लाडवासारखी वळत राहिली. त्यातली किती पोरं दहावीला आपटली ते कोणी विचारलं नाही, तिनंही विषय काढला नाही.

मग वस्तीतल्या मिनलचं बाळ आलं, दिवस भरायच्या आधीच, मुठीएवढं. काचेच्या पेटीतून सुटून घरी आलं, पण दूध ओढेना, वजन धरेना. असंच चाललं तर पुन्हा पेटीत, असं दवाखान्यानं सांगितलं होतं. मिनलच्या सासूला, कामिनीबाईंना, काळजी वेगळीच. डोकं लांबट आहे, म्हणून त्यांनी पुष्पलताला बोलावलं. मिनल म्हणाली, डोक्याला हात लावू नका म्हणून डॉक्टर नंदिनींनी बजावलंय.

पुष्पलता तणतणत दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बाळ पोटात असल्यापासून त्याचा मेंदू स्वतःच हार्मोन बनवतो आणि त्यांच्या मदतीनं स्वतःलाच घडवतो. वरून दाबल्यानं अक्कल येत नाही, इजा तेवढी होते. बाळाला उघड्या छातीशी धरलं तर मायेचं हार्मोन वाढतं, दूधही ओढायला लागतं.

पुष्पलताला समजलं ते एवढंच, की आत दही लागून राहिलंय, भांडं हलवू नये. तिनं पाळणाच खिडकीच्या गजाला बांधून टाकला. झोका चालतो, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर हसत सांगितलं तेव्हा कुठं सोडला.

नेमका मिनलला ताप भरला. छातीशी धरायचं कोणी? मिहानमधल्या कंपनीतून ड्युटी करून आलेल्या मिनलच्या नवऱ्याला, पियुषला, पुष्पलतानं बूट काढायच्या आत शर्ट काढायला लावला आणि बाळ त्याच्या छातीवर ठेवून वरून चादर टाकली.

कामिनीबाई भडकल्या. "डोकं करायले बोलावलं तुले. माह्या पोराले उघडा काहून बसवला वं? शेजारी काय म्हणतीन?"

"म्हणतीन, लेकराले बाप आहे. डोकं दाबायचं असन तं दुसरी बाई पाहा."

दुसरी बाई त्यांनी पाहिलीसुद्धा. पण पियुष बाळ खाली ठेवायलाच तयार नव्हता. ताप उतरल्यावर मिनलनं घेतलं. हळूहळू बाळ दूध ओढू लागलं, वजन धरलं, पेटी टळली. डोकं राहिलं थोडं लांबटच. कामिनीबाई आजही ते पाहुण्यांना दाखवतात, पुष्पलताचं नाव घेऊन.

गेल्या उन्हाळ्यात पुष्पलता दुपारी निजली ती उठली नाही. त्या सकाळीही ती सीताबर्डीच्या मागं एका नव्या बाळाकडं गेली होती. तेल कोमट केलं, पाय पसरून बाळ पायांवर घेतलं, हातपाय चोळले, न्हाऊ घातलं, धुरी दिली. डोकं तेवढं दाबलं नाही. चहा कमी गोड झाला म्हणून बडबडली, बशीत ओतून प्याली आणि चपला घालून निघाली.