सोललेल्या कवट्या

माझी नात पुण्याला डिझाइन शिकते. गेल्या दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं एका कागदावर धोक्याची दहा-बारा चिन्हं काढून आणली होती. कागद माझ्यापुढं धरून म्हणाली, "आज्जी, ह्यातल्या कशाची सगळ्यात जास्त भीती वाटती?"

मी कवटीवर बोट ठेवलं.

"सगळे तीच दाखवतात," ती हसली.

मीही हसले, पण बोट उचलायला जरा वेळ लागला. जे घडलं ते तिनं ऐकलंय, तिला आठवत मात्र नाही. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती.

आमची द्राक्षबाग तासगावकडं. बाग म्हटली की फवारणी आली, आणि फवारणी म्हटली की बाटल्या. त्या सगळ्या ओटीला लागून असलेल्या कोठीत फळीवर मांडलेल्या असत. आमच्याकडं त्याला विष कुणी म्हणत नाही, औषध म्हणतात. कोठीला दार नव्हतं, नुसता पडदा.

मी त्या वेळी पन्नाशीची, सासू होऊन चार-पाच वर्षं झालेली. सासूला वाटतं, गावातली सगळी अक्कल आपल्याच पदराला बांधलीय. माझ्या पदराला तर दोन गाठी होत्या. सून दुसऱ्यांदा गरोदर, सातवा लागलेला, आणि रविवारी ओटीवर डोहाळजेवण. मी आदल्या दिवशी पडदा धुवायला काढला तर फळीवरून कवट्या माझ्याकडं बघतायत. खाली दोन हाडांची फुली. मनात आलं, पोटुशी पोरगी उद्या इथं झोपाळ्यावर बसणार आणि समोर हे मसणातलं चित्र. पाहुण्या काय म्हणतील?

मग मी बंबातलं कढत पाणी घमेल्यात घेतलं, बाटल्या भिजत घातल्या आणि एकेकीचा कागद सोलून काढला. कवटी तीनच बाटल्यांवर होती, बाकीच्यांवर नुसते रंगीत तिकोन. पण हात लागलाच होता, म्हणून सगळ्याच सोलल्या. राख लावून घासल्यासुद्धा. लोणच्याच्या बरण्यांसारख्या लखलखीत झाल्या.

घरच्यांनी बघितलं, म्हणजे आमच्या ह्यांनी. म्हणाले, "अगं, कुठली कंची ते कसं कळायचं आता?"

"वासानं कळंल की. तीस वर्सं मारताय न्हवं?"

ते बागेत गेले. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना बागेत जाणं कायम सोपं वाटत आलंय. त्या दिवशी त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं मी पुढं कितीदा म्हटलं. तेही त्यांच्याच माथी मारून.

रंगीत तिकोनाचे कागद बंबात गेले. तीन कवट्या मात्र जाळवेनात. बांधापलीकडं माझ्या जावेची बाग, आणि तिच्याच नजरेनं आमचे घड तडकतात असा माझा पक्का समज होता. आमच्या बुजगावण्याला डोक्याच्या जागी काळं मडकं होतं. त्याला मी कणकेच्या खळीनं तिन्ही कवट्या चिकटवल्या, तोंड जावेकडं करून. घरात जे चित्र अपशकुनी, ते जावेला चालत होतं. फार समाधानानं घरी आले मी.

डोहाळजेवण छान झालं. त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, मी ओटीवर शेंगा फोडत बसले होते. नात मागनं आली. तिची भातुकली कोठीत मांडलेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं माझ्यापुढं एक झाकण धरलं.

"आज्जी, च्या घे."

झाकणात दुधासारखं पांढरं पाणी. आधी मी कौतुकानं हात पुढं केला. मग वास आला.

"तू घेतलास?"

"व्हय. कडू हाय, साखर न्हाई दिली तू."

तिचे ओठ ओले होते. पदरानं ते पुसले, परत पुसले, पुसतच राहिले. माझ्या हाताला काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून तो तेवढंच करत होता. कोठीत उपडी पडलेली बाटली लखलखीत, कोरी. मी घासलेली.

मुलानं मोटारसायकल काढली. मी मागं बसले, पोर मांडीवर, बाटली पिशवीत. सांगली काही लांब नाही, पण त्या दिवशी लांब होती. तिला घाम सुटला, तोंडातून लाळ गळायला लागली. ही पोरगी एरवी वाटेतल्या प्रत्येक विजेच्या डीपीवरची धोक्याची पाटी बघून विचारायची, "आज्जी, ही कुणाची डोकी?" त्या दिवशी डीपी येत होत्या, कवट्या येत होत्या, आणि ती काही विचारत नव्हती. त्या पाट्या कुणी सोलल्या नव्हत्या. मी दर पाटीला तिला हलवत होते, "ए, डोकं बघ, डोकं." ती बघेना.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं तिचे डोळे उघडून बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, "बाटली आणली का?"

मी पुढं केली. त्यानं ती फिरवून फिरवून बघितली.

"लेबल कुठाय?"

"काढलं."

"कुणी?"

"मी."

"कशाला?"

"कवटी व्हती त्याच्यावर."

त्यानं बाटली टेबलावर ठेवली. रागावला असता तर मला धीर आला असता. शांतपणे म्हणाला, "आज्जी, ह्या दिसण्याची दोन जातीची औषधं असतात. एका जातीला आणखी एक वेगळं इंजेक्शन लागतं, दुसरीला ते चालत नाही. उतारा लेबलवर लिहिलेला असतो. नाव तरी सांगा."

नाव मला माहीत नव्हतं. मुलालाही आठवेना, दुकानदारानं दिलं ते आणलं होतं. बाटलीच्या बुडाशी कागदाचा नखाएवढा निळा कोपरा तेवढा माझ्या हातून सुटला होता. तो बघितला आणि मला बुजगावणं आठवलं.

घरी फोन केला. "अवं, बुजगावण्याचं डोकं घेऊन या."

"काय?"

"मडकं, मडकं आणा. फुटू देऊ नका."

ते येईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते, आणि देवाकडं मागणं काय मागत होते तर, कोपरा कशालाच जुळू देऊ नको. कवटीचं जहाल नसू दे, रंगीत तिकोनाचं असू दे. पण तिकोनाचं असलं तर त्याचा कागद बंबात जळून गेला होता, मग उतारा कुठनं वाचणार? हे ध्यानात आलं. मी खालीच बसले. जुळावं म्हणून मागू की न जुळावं म्हणून, हे मला कळेना. आत पोरीच्या घशात घरघर चालली होती, ती ऐकत राहिले.

हे आले. स्कूटरवर पुढं काळं मडकं, दोरीनं हँडलला बांधलेलं. वाटेत लोक हसले म्हणे. डॉक्टरनं ते टेबलावर घेतलं. तीन कवट्या. तिसरीचा कोपरा फाटलेला. बाटली शेजारी धरली आणि निळा तुकडा तिथं नेमका बसला.

डॉक्टर मडक्यावर वाकून बारीक अक्षरं वाचत होता. खळीखाली एक ओळ झाकली गेली होती, ती त्यानं ओल्या कापसानं मोकळी केली. मग नर्सला दुसरं इंजेक्शन सांगितलं आणि मला म्हणाला, "हे मडकं इथंच राहू दे."

संध्याकाळी बाहुल्या जरा मोठ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी माझे वडील साताऱ्याहून आले. फौजेतनं निवृत्त झालेले. सरहद्दीवर सुरुंग पेरलेल्या जागेला तारेवर लाल तिकोनी पाटी असते, कवटीची, हे ते मला लहानपणापासून सांगत. मला ते गमतीचं वाटे. त्यांनी सगळं ऐकलं, टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणाले, "पोरी, पाटी काढली म्हणून सुरुंग निघत न्हाई गं." एवढंच. मी पन्नाशीची बाई, त्या बाकावर रडले.

तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले आणि टेबलाकडं बघून म्हणाली, "बुजगावण्याचं डोकं इथं कुणी आणलं?"

आता तीच मला शिकवते. कवटी आधी थडग्यांवर कोरायचे, मग ती औषधांच्या दुकानातल्या विषाच्या बाटल्यांवर आली. तिकडं परदेशात विषाची काच मुद्दाम खडबडीत करत, म्हणजे अंधारात हाताला कळावं. आणि जंतूंच्या धोक्याचं ते तीन कोयत्यांसारखं चिन्ह, ते तर मुद्दाम असं निवडलं की बघणाऱ्याच्या ध्यानात राहील, पण अर्थ कुणी आपल्या मनानं लावणार नाही. तो शिकवावा लागेल.

"का असं?" मी विचारलं.

"मनानं अर्थ लावला की माणूस कवटी सोलतो," ती म्हणाली. तोंड वाकडं न करता. माझीच नात.

जाताना तिनं पिशवीतून एक बाटली काढली, तिच्या परीक्षेसाठी केलेली. कागद कुठंच नाही. कवटी बाटलीतच उठवलेली, उतारासुद्धा उठवलेल्या अक्षरात. तिनं घमेल्यात कढत पाणी ओतलं.

"सोल बघू, आज्जी."

मी भिजवली. नखानं खरवडली, मग राख लावून घासली. ती शेजारी बसून बघत होती. घासून घासून माझं बोट हुळहुळलं, पाणी निवलं. कवटी तिथंच. मी अजून एकदा सगळीकडनं चाचपून बघितली, कुठं कोपरा सुटतोय का.