पानावरून उठलं की संपलं

जेवण अंमळ जास्तच झालं आहे. दुपारचे अडीच, पंखा फिरतो आहे, पाठ टेकली आहे आणि शाल्मलीचं बोलणं कानातून जात नाही. सकाळी फोनवर माझी लेक सांगत होती की ती आता दिवसातून एकदाच जेवते. वजन उतरलं, स्वयंपाकाचा वेळ वाचतो, तुझ्या शुगरलाही बरं पडेल. "आजीही तुला हेच सांगायची ना गं?" आजी म्हणजे माझ्या सासूबाई, अक्का. आज त्यांचंच श्राद्ध, आणि लेकीला नेमका आजचाच मुहूर्त सापडला. मी फोन ठेवला, वडे तळले. ह्यांनी अक्कांचं पान गच्चीवर ठेवलं, मग आम्ही जेवलो. आता डोळे मिटतात, आणि खोलीत मळीचा वास येतो.

कराडच्या या फ्लॅटमध्ये मळीचा वास कुठला? तो साखर कारखान्याच्या कॉलनीतला, चाळीस वर्षांपूर्वीचा. मी स्वयंपाकघरात जाते, तर माझ्या पांढऱ्या टाइल्सच्या जागी कॉलनीतली काळी शहाबादी फरशी आहे, गॅस मात्र माझाच. पाटावर अक्का बसल्या आहेत. डोक्यावर पदर, हात धुतलेले.

"वाढ," त्या म्हणतात. "आम्हाला वर्षातून एकदाच मिळतं."

म्हणजे आता अक्का एकभुक्त, आणि तेही वर्षाकाठी. मला हसू येतं. ते चांगलं हसू नाही.

मी वाढत असते आणि त्या नातीचं कौतुक करत असतात. एकदा जेवलं की अंग हलकं राहतं, पित्त होत नाही, झोप गाढ लागते, जिभेला वळण लागतं. मी अळू वाढता वाढता सांगते की पहिले आठ दिवस मलाही तसंच वाटलं होतं. खोटं कशाला बोलू? साध्या भाताला इतका वास असतो हे मला तेव्हाच कळलं. मग चक्कर सुरू झाली, केसांचे पुंजके हातात यायला लागले, आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या ताटांकडे बघायला लागले.

लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नव्हतं, म्हणून अक्कांनी मला चातुर्मासभर एकभुक्त धरायला लावलं होतं. नियमही त्यांचाच, पानावरून उठलं की संपलं, मग उद्यापर्यंत काही नाही. मी बसून दोन घास खाल्ले की त्यांची हाक यायची. "कुमुद, दार वाजतंय." मी उष्ट्या हाताने कडी काढायची. दारात कोणी नसायचं. परत येईपर्यंत माझं पान म्हशीच्या बादलीत गेलेलं असायचं. रोज नाही, आठवड्यातून तीन-चारदा. आश्विनात मला दिवस गेले. ते मला कळलं तेव्हा ते खरोखरच गेले होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही काय खाते? अक्का म्हणाल्या, आमच्या घरात कशाला कमी नाही.

पुढे शाल्मली झाली, म्हणून सगळे विसरले. मी विसरले नाही. पण बोललेही नाही. पंधरा वर्षं त्यांचं सगळं केलं, शेवटी भरवलंसुद्धा.

अक्का वरणभात कालवतात. आता पाटाशेजारी दवाखान्यातली लोखंडी खाट आहे, तिच्यावरची लाल चादर मी ओळखते. अक्का पहिला घास घेतात आणि डोळे मिटतात. दुसरा घेतात.

"का करायचात तसं?" मी विचारते.

त्या बोटं चाटत थांबतात. "मी बावीसची असताना सासरे गेले तुझे. तेव्हापासून एकदाच जेवले. मला कुणी विचारलं नाही, भूक लागते का म्हणून." मग खाली बघून म्हणतात, "तू भरल्या पानावर बसलीस की मला बघवायचं नाही."

मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. मी त्यांच्या भातावर आणखी तूप वाढते. पण त्या तिसरा घास उचलतात, आणि तो तिसरा घास मला चाळीस वर्षं मिळालेला नाही.

"अक्का," मी म्हणते, "दार वाजतंय."

त्या माझ्याकडे बघतात. दार वाजत नाहीये हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी त्या घास पानात ठेवतात आणि उठतात, कारण नियम त्यांचाच. कडी काढल्याचा आवाज होतो. "कोणी नाही गं," दारातून आवाज येतो, तो बावीस वर्षांच्या बाईचा असतो. तोवर मी पान उचललेलं असतं. बादली दाराशीच आहे. माझा हात थांबत नाही.

जाग येते तेव्हा साडेतीन झालेले आहेत. हे खुर्चीतच घोरत आहेत. मळीचा वास नाही. मी तोंड धुते, पाणी पिते आणि कशाला कोण जाणे, दाराशी जाते. आतली कडी काढलेली आहे. तिला वरणभाताची चार शितं चिकटली आहेत. बोट लावून बघते, अजून ओली आहेत.

पुसायला फडकं घेते आणि परत ठेवते. मग स्वयंपाकघरात जाऊन आज दुसऱ्यांदा ताट वाढून घेते. बाहेर बेल वाजते, दोनदा. मी तिसरा घास घेते.