मोराच्या झाकणाचा डबा

ती केस आठवली की आजही माझी कानशिलं तापतात. मी पोलिसांत शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर चढलो. कुणाच्या चिठ्ठीवर खुर्ची मिळवली नाही. म्हणूनच ज्यांनी ती काढून घेतली, त्यांच्यावर माझा राग आहे.

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी प्रभारी होतो. महापालिकेचं मतदान तोंडावर आलं होतं. ठाकुर्लीत शिकवणी घेणाऱ्या एक बाई अपक्ष उभ्या होत्या. एका सकाळी त्या ठाण्यात आल्या आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवला. क्लिपमध्ये त्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना डबे देत होत्या आणि म्हणत होत्या, "डबे घ्या, मत द्या. तुमच्या जुन्या इमारती पाडायचं बिल्डरशी बोलणं झालंय."

"साहेब, चेहरा माझा, आवाज माझा, पण ती मी नाही. आज शिकवणीला एकही मूल आलं नाही. शेजारीण तोंडावर दार लावते. निवडणूक गेली खड्ड्यात, मला त्याच गल्लीत राहायचंय. क्लिप खोटी आहे एवढं कुणीतरी जाहीर सांगा."

गुन्हा नोंदवला. क्लिप पाठवणारे सगळे नंबर परदेशातले निघाले. सायबरवाले म्हणाले, माहिती मागवू, पण उत्तराला महिने लागतील.

मी जेवताना क्लिप पुन्हा पाहत होतो. वाढता वाढता बायको थांबली.

"अहो, हा डबा आपल्याकडे आहे! झाकणावर मोर आहे बघा. गेल्या संक्रांतीला अध्यक्षांच्या बायकोने वाण दिलं होतं. मी त्यात रवा ठेवते."

"नक्की?"

"वाण कुणी काय दिलं हे बायका विसरतात होय? या बाईंनी तर तुळशीची रोपं दिली होती. तेही म्हणे, स्वतः कुंड्या भरून!"

अध्यक्ष म्हणजे एका पक्षाचे शहराध्यक्ष. त्यांच्या प्रचाराचं मोबाइलचं काम त्यांचा भाचा बघायचा. राहायला शहाडला, चांगला दोन मुलांचा बाप. त्याला नोटीस देऊन बोलावलं. रवा काढून घेतलेला डबा टेबलावर ठेवला आणि गप्प बसलो. भाजी घेताना असो की चौकशी करताना, आधी बोलतो तो हरतो.

"साहेब, मी काय नाय केलेलं."

"मी विचारलं काही? हा डबा कुणाचा?"

"मामीचा."

"मग मामीच्या हळदीकुंकवात या बाई कशा आल्या?"

"मामा बोलले, आपल्या हळदीकुंकवाचा व्हिडिओ पाठव, बाईंचे फोटो पाठव, काय बोलायचं ते पाठव. मी पाठवलं. बाकी सगळं तिकडचे करतात. बाहेरच्या देशातले आहेत. मी त्यांना बघितलेलं पण नाय."

तिकडच्यांनी चेहरा बदलला, आवाज बदलला. डबा तसाच ठेवला. त्यांच्या लेखी तो फक्त डबा होता.

जबाब घेतला, त्याचा मोबाइल पंचांसमोर जप्त केला आणि अध्यक्षांना नोटीस काढली. ते आले नाहीत. त्यांच्याच पक्षाचे एक ज्येष्ठ नेते आले. हेच गृहस्थ चारचौघांत अध्यक्षांना शेलक्या शिव्या घालायचे.

"साहेब, तपास सावकाश होऊ द्या. ठाणे शहरात चांगली पोस्टिंग रिकामी होतेय."

"तुम्हाला तर तो माणूस डोळ्यांसमोर नको असतो. मग त्याच्यासाठी धावपळ कशाला?"

ते हसले. "तो गप्प बसून आत गेला तर मीच पेढे वाटीन. पण तो बोलत आत गेला तर? ते बाहेरचं दुकान काय त्याच्या एकट्यासाठी चालतं?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! मी म्हणालो, "पोस्टिंग नको. मतदानाआधी पत्रकारांसमोर एक वाक्य बोला, की ती क्लिप खोटी आहे. तपास माझ्या पद्धतीने होईल, पण त्या बाईंची अब्रू आज वाचेल."

"ते सोडून काहीही मागा," ते उठत म्हणाले.

मी आवाज चढवला, तो बाहेरच्या शिपायांनीही ऐकला. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला, "निकाल लागू दे, मग बघू." दुसऱ्या दिवशी माझी कंट्रोल रूमला बदली झाली. बाई हरल्या. भाच्यावर दोषारोपपत्र गेलं, अध्यक्षांचं नाव त्यात आलं नाही. शिकवणी बंद पडली. बाई आता शिकवायला कल्याणला जातात, जिथे त्यांना कुणी ओळखत नाही.

परदेशातला चोर शोधा, असं सगळे म्हणतात. शोधा जरूर. पण त्या चोराला ठाकुर्लीची गल्ली माहीत नव्हती, बाई माहीत नव्हत्या, कुठल्या भीतीने इथली माणसं पेटतात हेही माहीत नव्हतं. ते सगळं घरातून गेलं. आणि घरातल्यांनी अध्यक्षांना वाचवलं ते प्रेमापोटी नव्हे, स्वतःच्या भीतीपोटी. पक्षनिष्ठा वगैरे शब्द मी तेव्हापासून ऐकून घेत नाही.

परवा एका लग्नात ते ज्येष्ठ नेते भेटले. हात जोडून म्हणाले, "काय साहेब, रिटायर झालात! काही सेवा?"

"आहे ना. ते एक वाक्य. आता मतदानही नाही, काय बिघडतंय?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि "जेवून जा हं," म्हणत पुढे सरकले.

आयुष्यभर मी घासाघीस केली. याच एका सौद्यात मी माझा भाव अजून उतरवलेला नाही.