दरीत पडलेल्या गड्याचं पुढे काय झालं

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. शाळेत कागद नाही म्हणून आम्ही गणितं पाटीवर सोडवून पुसून टाकायचो. पण कुमारांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांना कुठून तरी कागद मिळत होता, आणि त्या कर्जतच्या वाचनालयात येऊन पडत होत्या. मी इंग्रजी पाचवीत, म्हणजे आताच्या नववीत होते. घर कडावला, शाळेसाठी कर्जतला आत्याकडे राहायची. आत्याचे यजमान रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये खलाशी, म्हणजे मजूर होते.

त्या दिवाळीच्या सुट्टीत कडावला भात कापून झालं आणि मी बरोबर नेलेल्या कादंबऱ्या एकामागून एक वाचून काढल्या. वाचता वाचता माझं डोकं तापत गेलं. एकीत एक अनाथ पोरगा होता, फार हुशार, फार धीट. मला तो आवडायला लागला होता. शेवटच्या प्रकरणात तो इनामदाराचा हरवलेला नातू निघाला. म्हणजे ती हुशारी इनामदाराच्या रक्ताची. खरंच गरिबाचा असता तर त्याला अक्कल नसती का? दुसरीत चार मुलगे आणि एक मुलगी. मुलगी काय करते, तर फराळाचे डबे भरते आणि ऐन वेळी पाय मुरगळून रडत बसते. मी डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन कडावहून कर्जतला चालत यायची. माझा पाय कधी मुरगळला नाही. आणि सगळ्याच पुस्तकांत जो कोणी आमच्यासारखं हाय-नाय बोलायचा, तो एक तर चोर असायचा, नाही तर खुळा, नाही तर नोकर.

सर्वांत जास्त राग आला तो गडावरच्या खजिन्याच्या कादंबरीचा. शहरातली मुलं सुट्टीत गडावर जातात. वाट दाखवायला गावातला एक गडी. तो त्यांचं सामान वाहतो, भुताला भितो, मुलं त्याला हसतात. मग कड्यावरून घसरणाऱ्या मुलाला तो वर ओढतो आणि स्वतः दरीत जातो. मुलं दोन ओळी हळहळतात. पुढच्या पानावर खजिना सापडतो आणि ती लाडू खातात. गडी मेला की जगला, त्याला कोणी खाली पाहायला गेलं का, त्याच्या घरी कोणी सांगितलं का, काही नाही. मी पानं मागंपुढं उलटून पाहिली. मला वाटलं, एखादं पान गळालं असेल.

शाळा सुरू झाली आणि मराठीच्या मास्तरांनी सांगितलं की त्या कादंबरीचे लेखक वाचनालयाच्या वार्षिक समारंभाला पाहुणे म्हणून येणार आहेत. एका विद्यार्थ्यानं त्यांच्या पुस्तकावर मत मांडायचं. माझं वाचन सर्वांत जास्त, म्हणून मला निवडलं. मला आनंद झाला. मी माझं मत मास्तरांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः लिहिलेलं मत माझ्या हातात ठेवून पाठ करायला सांगितलं. कुमारांच्या कोवळ्या मनावर साहसाचे संस्कार, वगैरे. माझं मत मी मांडायचं होतं आणि ते त्यांनी लिहिलं होतं.

समारंभाला आत्या आली होती. बायका मागं भिंतीशी बसल्या होत्या. मी पाठ केलेली पहिली वाक्यं म्हटली आणि थांबले. समोर पाहुणे हार घालून बसले होते, भले दिसत होते. मला वाटलं, यांनाच विचारावं. मी विचारलं, "तो गडी दरीत पडला, त्याच्या घरी कुणी कळवलं का?"

ते हसले. म्हणाले, "बाळ, पुस्तकातल्या गड्याला घर नसतं. लेखक देईल तेवढंच त्याचं."

लोकही हसले. मास्तरांनी मला खाली बसायची खूण केली. मी बसले नाही. "माझ्या काकाला होतं," मी म्हटलं. माझा धाकटा काका खोपोलीच्या वर डोंगरात दगड फोडायच्या कामाला होता. कड्यावरून पडला. मुकादमानं परस्पर त्याचं प्रेत जाळून टाकलं. एका गाडीवाल्यानं कडावला येऊन सहज विषय काढला तेव्हा घरी कळलं. तोवर काकी त्याची वाट बघत त्याच्या वाटची भाकरी झाकून ठेवत होती. हे सांगताना माझी शाळेतली भाषा सुटली आणि मी म्हणाले, "आमाला कोनी सांगितलं नाय."

त्या 'नाय'ला सगळी सभा हसली. काका मेल्याचं सांगत होते मी, आणि ते हसले. मास्तरांनी दंडाला धरून मला खाली नेलं. पाहुणे म्हणाले, मुलगी भावनाप्रधान दिसते. मग चहा आला.

घरी जाताना वाटलं होतं, आत्या मला जवळ घेईल. काका तिचाच भाऊ. तिनं दार लावलं आणि माझ्यावर कडाडली, "त्याला कशाला नेलंस त्या लोकांत? हसाया दिलंस त्यांना?" नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मास्तरांनी वर्गासमोर माफी मागायला सांगितलं. मी म्हटलं, मी प्रश्न विचारला होता, शिवी दिली नव्हती. त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं, वर्ष संपेपर्यंत मराठीच्या तासाला मी व्हरांड्यात उभी राहून ऐकत होते. वाचनालयानं निरोप धाडला की पुस्तक परत करा, मुलींना यापुढे कादंबऱ्या मिळणार नाहीत. माझ्या एकटीमुळे सगळ्या मुलींना.

पुस्तक परत न्यायच्या आदल्या दिवशी आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वाच ते. काय लिवलंय बगू."

मी गड्याचा तेवढा भाग वाचला. पडल्यापासून लाडूपर्यंत.

"आनि मग?"

"मग ते गड उतरले."

"त्याला तितंच टाकून?"

"पुढं लिहिलं नाय, आत्या."

तिनं सुपातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "कुनाचा तरी असंल गं तो." आणि पदरानं डोळे पुसले. माझ्यावरचा तिचा राग तिथं उतरला. माझा लेखकावरचा उतरला नाही. पुढं मी शिक्षिका झाले, मुलांना पुस्तकं वाटायचं काम माझ्याकडे आलं. ती कादंबरी नव्या वेष्टनात शाळेत आली तेव्हा मी आधी गडी पडतो ते पान काढून पाहिलं. एक अक्षर बदललं नव्हतं. मी पुस्तक वर्गात वाचायला दिलं आणि मुलांना विचारलं, गड्याच्या घरी सांगायला तुमच्यातलं कोण जाईल, आणि जाऊन काय सांगेल?