टाळांचा आवाज सोसत नाही अशी भक्त

माझी भक्ती खरी आहे का, याची शंका मला लहानपणापासून आहे. आमचं घराणं विठ्ठलाचं, पिढ्यान्पिढ्या म्हैसूरमध्ये शिवणकाम करणारं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि एकादशीला देवळात भजन. पण टाळ वाजायला लागले की माझ्या डोक्यात कुणीतरी पत्रा घासतंय असं वाटतं, श्वास अडतो, आणि मला पळून जावंसं वाटतं. ज्या आवाजात माझ्या माणसांना देव भेटतो, तोच मला सोसत नाही. अशा बाईनं स्वतःला भक्त म्हणवून घ्यावं का?

मी पाच वर्षांची होईपर्यंत बोलले नाही. तेव्हा ऑटिझम हा शब्द आमच्या गल्लीत कुणी ऐकलेला नव्हता. कुणी बाहेरची बाधा म्हणे, कुणी आईचं काहीतरी चुकलं म्हणे. बाबा मात्र मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "ती ऐकते सगळं. बोलत नाही, एवढंच." तो शब्द मला तिशी उलटल्यावर डेहराडूनच्या एका डॉक्टरीणबाईंनी दिला. मी घाबरत घाबरत घरी फोन केला. आईनं विचारलं, "औषध असते काय त्याला?" मी नाही म्हटलं. "मग साकु गं, पुरे ते. जेवलीस काय?" मला अजूनही पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणणाऱ्या माझ्या आईनं एवढंच विचारलं.

डेहराडूनला मी नकाशे तपासायचं काम करते. घरच्यांना वाटतं, नोकरीनं मला इतकं लांब नेलं. खरं असं आहे की मी लांबचीच नोकरी शोधली होती. दोन मशीनची घरघर, कुकर, येणारेजाणारे, माप द्यायला आलेल्या बायकांचं हसणं, या सगळ्यातून सुटायचं होतं. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, पण ते मला लांबूनच नीट जमायचं. दर वेळी गाडी म्हैसूर सोडायची, आई फलाटावर डोळे पुसत उभी असायची, आणि मला आत कुठेतरी हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्याची लाज मी कुणाला कधी सांगितली नाही. बाबा गेले तेव्हाही मला रडू आलं नाही. मी आतल्या खोलीत त्यांचे शर्ट इस्त्री करत बसले होते, आणि भेटायला आलेल्या बायका दारातून माझ्याकडे बघून एकमेकींकडे बघत होत्या.

बाबांच्या वर्षश्राद्धाला मी म्हैसूरला आले. आई आता तिथल्याच जयलक्ष्मीपुरमला माझ्या धाकट्या भावाकडे असते. काचबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेली आहे, माणसं तिला सावल्यांसारखी दिसतात. श्राद्धानंतर एकादशी होती. घराजवळच्या आमच्या छोट्या विठ्ठलमंदिरात बाबांच्या नावानं भजन आणि दुपारची आरती ठरली. आईनं एकच मागितलं, "आरतीला तू माझ्याजवळ थांब पुट्टी. तेवढा वेळ हात सोडू नको." मी हो म्हटलं. मनात विठ्ठलाला सांगितलं, आजचा दिवस मला सोसू दे, पुन्हा काही मागणार नाही.

त्यानं ते ऐकलं नाही, असं मला त्या वेळी वाटलं. त्या वर्षी देवळात नवे कर्णे बसवले होते. आरती सुरू झाली, टाळ, घंटा आणि कर्णे एकदमच अंगावर आले. आईची बोटं माझ्या मनगटाभोवती होती. मी डोळे मिटले, दात आवळले. मग मधलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी मनगट हिसकावून घेतलं, लोकांना ढकलत बाहेर आले आणि रस्त्याच्या वळणावर एका भिंतीला कपाळ टेकून उभी राहिले. जवळजवळ आंधळ्या आईला मी गर्दीत टाकून आले होते. बाबांच्या आरतीत.

जरा सावरल्यावर मी परत गेले. आरती संपत आली होती. आई जागेवर नव्हती. तिच्या चपला मात्र पायरीशी तशाच होत्या. भाऊ आणि भावजय मागच्या बाजूला प्रसादाच्या पानांची तयारी करत होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. माझा फोन भावजयीच्या पिशवीत होता. धावत जाऊन सांगायचं, ओरडायचं, पण फार झालं की माझे शब्दच जातात. तोंड उघडते आणि आवाज येत नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, आणि मी देवळाच्या दारात मुकी उभी होते. लोक बाजूनं वाट काढून जात होते.

पायरीवर एक बाई बसली होती, पन्नाशीची असेल. प्रसादासाठी थांबली असावी. तिनं माझ्याकडे पाहिलं. "याकम्मा, एनायितु?" काय झालं म्हणून विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. असं झालं की माणसं तोच प्रश्न पुन्हा, आणखी मोठ्यानं विचारतात. तिनं तसं केलं नाही. ती उठून माझ्या शेजारी उभी राहिली, जरा थांबली आणि हळू आवाजात कन्नडमध्ये म्हणाली, "बोलू नकोस. मान हलव. कुणी हरवलंय?"

मी मान हलवली.

"लेकरू?"

नाही.

"आई?"

मी त्या चपलांकडे बोट दाखवलं. तिनं चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू आधी पळत गेलीस, ते पाहिलं मी. मग ती तुलाच शोधायला गेली असणार. तुला असं झालं की तू कुठे जातेस?"

हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आई एकटी पडली असेल, धडपडली असेल, रागावली असेल, सगळं सुचलं होतं. जिला दिसत नाही ती मला शोधायला निघेल, हे सुचलं नव्हतं. लहानपणी मी पळायचे ती कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर. मी त्या दिशेनं चालायला लागले. ती बाईही बरोबर आली. वाटेत एकदाच बोलली, "मी सरगूरची. माझी बहीण अशीच गप्प व्हायची. विचारत राहिलं की आणखी गप्प व्हायची. वाट पाहिली की सांगायची."

तळ्याच्या बांधावर, झाडाखालच्या दगडी बाकावर आई बसली होती. अनवाणी. कुणा रिक्षावाल्यानं तिला फाटकाशी सोडलं होतं, पण फाटकापासून बाकापर्यंतची वाट दुपारच्या उन्हानं तापली होती. तिचे तळवे लाल झाले होते. मी तिच्या पायांशी बसले. माझी चाहूल तिला लागली.

"आलीस? अय्यो, किती वेळ लावलीस. इथं गप्प आहे बघ, म्हणून सुम्ने, उगीच बसले."

माझे शब्द परत आले. "आई, मी तुला टाकून गेले."

"लहानपणी तू पळालीस की बाबा तुझ्यामागं यायचे. मी देवळातच थांबायची. देव काय म्हणेल, लोक काय म्हणतील. लाज वाटायची मला, पुट्टी." तिनं चाचपडत माझं डोकं शोधलं. "आज म्हटलं, त्या देवाजवळ पुष्कळ माणसं आहेत."

मी तिच्या मांडीत तोंड खुपसून रडले. बाबांसाठीचं रडूही तेव्हाच आलं. कितीतरी वेळानं वर पाहिलं तर ती सरगूरची बाई बांधावरून लांब चालत निघाली होती. मी तिचं नाव विचारलं नाही, आभारही मानले नाहीत. तिला कुणी पाठवलं, की ती आपली प्रसादासाठीच बसली होती, हे मला माहीत नाही. मी त्याचा शोध घेत नाही.

घरी भाऊ दारातच होता. सगळीकडे शोधून घामेजला होता. "अक्का, तू गेलीस ते समजलो मी. आईला सोडून कशी गेलीस?" एरवी मी खोलीत जाऊन दार लावलं असतं. त्या दिवशी म्हटलं, "सोडून गेले. मला लाज वाटते रे. आजचीच नाही, इतक्या वर्षांची वाटते." तो आत जाऊन थंड पाण्याचं घमेलं घेऊन आला आणि आईचे पाय त्यात ठेवले. मग मलाही खाली बसायची जागा करून दिली.

शरण जाणं म्हणजे दात आवळून सोसणं, असंच मी इतकी वर्षं समजत होते. सोसता आलं नाही की देवाला तोंड कसं दाखवायचं, म्हणून आणखी लांब जायचे. आता वाटतं, जशी आहे तशी सापडू देणं, तेवढंच आपल्या हातात असतं. शोधायला येणारे येतात. लाज गेलेली नाही, पण ती आता मला पळवत नाही.

मी डेहराडूनलाच आहे. रविवारी सकाळी आई फोन लावते. आम्हा दोघींना बोलण्यासारखं थोडंच असतं, ते लवकर संपतं. पूर्वी मी तिथेच फोन ठेवायचे. आता तो चालूच राहतो. तिकडे ती अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत असते, इकडे मी नकाशा पसरून बसलेली असते, आणि बराच वेळ कुणीच काही बोलत नाही. माझं भजन ते एवढंच. विठ्ठलानं ते गोड मानून घ्यावं.