बिजागरीतला केस

आमच्या पार्लरकाकूंना संशय घ्यायला कारण लागत नसे. दूधवाला हसून बोलला तरी त्या म्हणायच्या, आज पाणी जास्त घातलेलं दिसतंय. एखादी गिऱ्हाईक येऊन म्हणाली, की माझे केस जन्मापासून असेच सरळ आहेत हो, तर काकू बोटाने दोन बटा बाजूला करायच्या, मुळाशी बघायच्या आणि नुसतं "हं" म्हणायच्या. त्या "हं"ला अख्खी गल्ली टरकून होती. घराच्या पुढच्या खोलीत एक आरसा, एक फिरती खुर्ची आणि दोन मशिनं, एवढ्या भांडवलावर काकूंनी गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या सजवल्या, मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं आणि मग पार्लरला कुलूप घालून त्या परदेशात काकांकडे राहायला गेल्या. कुलपाची किल्ली मात्र पर्समध्ये ठेवली. असू दे म्हणाल्या, सांगता येत नाही.

काका तिकडे बरीच वर्षं एकटेच होते. एका मोठ्या गोदामाचे साहेब, असं घरात सगळ्यांना ठाऊक. वर्षाआड यायचे, वस्तू आणायचे आणि पुढच्या खोलीत गिऱ्हाईक असलं की मागच्या दाराने ये-जा करायचे. कारण पार्लर सुरू झालं त्या दिवशी ते पाय आपटत म्हणाले होते, बायकांच्या डोक्यात हात घालून जगायचं का आता? भांडण पुढे मिटलं. वाक्य मात्र काकूंनी जपून ठेवलं. असली वाक्यं कोण टाकून देतं हो, कधी ना कधी उपयोगाला येतात.

तर काकू पोचल्या. एक खोली, एक स्वयंपाकाचा कोपरा, न्हाणीघरात आरशाचं कपाट. पुरुष एकटा राहतो त्या मानाने घर फारच नीटनेटकं होतं, इथेच पहिली पाल चुकचुकली. पलंगाशी एक गालिचा होता, त्याची झालर एका बाजूला चुरगळलेली आणि दुसऱ्या बाजूला इस्त्री केल्यासारखी सपाट. गालिच्याच्या झालरीला इस्त्री कोण करतं? काकूंनी ते मनात टिपून ठेवलं.

मग त्यांनी बॅग उघडली. परकरांत गुंडाळून आणलेला ड्रायर आणि केस सरळ करायचं मशीन बाहेर काढलं. काकांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, कशाला आणलंस हे ओझं, इथला करंट आपल्या निम्म्याने आहे, चालायचं नाही. इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाले, पट्ट्या नुसत्या कोमट होतील, मग तू एकाच बटेवरून पुन्हा पुन्हा फिरवशील आणि टोकं तुटतील.

ज्या माणसाला स्वतःच्या लग्नात बायकोने अंबाडा घातलाय की वेणी हे सांगता आलं नव्हतं, ज्याच्या डोक्यावर आता औषधालाही केस नाही, त्याला टोकं तुटतात हे कुणी शिकवलं?

दुसऱ्या दिवशी काका कामाला गेल्यावर त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पिन बदलायचा जोड आणला आणि ड्रायर लावला. दम्याच्या पेशंटसारखा तो धापा टाकायला लागला. स्ट्रेटनरच्या पट्टीवर बोट ठेवलं तर नुसती ऊब. म्हणजे काका खरं बोलले होते. पण काकूंचा स्वभाव असा, की माणूस खरं बोलला की त्यांना जास्त भीती वाटायची. यांनीच रात्रीत आत काही करून ठेवलं नसेल ना? उघडूनच बघू म्हणून त्या पेचकस शोधायला लागल्या. न्हाणीघराच्या कपाटात, वरच्या फळीवर, दाढीच्या सामानामागे टॉवेलची गुंडाळी होती. ती सोडवली तर आतून इथल्या पिनेचं, चांगलं वापरलेलं स्ट्रेटनर निघालं.

काकू न्हाणीघरातच खाली बसल्या. पण धंदा हाडात मुरलेला. त्यांनी मशीन खिडकीशी नेलं आणि उघडलं. बिजागरीत एक लांब केस अडकला होता. तांबूस रंगवलेला, मुळाशी बोटभर पांढरा. म्हणजे बाई वयाने आपल्याएवढी, रंग घरी नव्हे, पार्लरमध्ये लावून घेणारी, आणि मध्यंतरी लावायला फुरसत न मिळालेली. एका केसावरून काकूंनी सवतीची कुंडली मांडली.

त्यांनी लगेच धाकट्या बहिणीला फोन लावला. बहीण म्हणजे आगीत तेलाची अख्खी बुधलीच. ती म्हणाली, ताई, मी आधीच म्हणत होते, तू भोळी. काकूंना आयुष्यात पहिल्यांदा कुणी भोळी म्हटलं होतं. ते त्यांना फार लागलं.

संध्याकाळी काकांची पँट धुवायला घेतली तर दुमडीतून केस निघाले. एक काळा, दोन सोनेरी, एक अगदी पांढराशुभ्र. काकूंना रडावं की हसावं कळेना. एक असती तर समोर उभी करून जाब विचारला असता, इथे तर मोहल्लाच्या मोहल्ला! त्या रात्री जेवताना काका विचारत होते, करमतं ना तुला? आणि काकू ताटात बघून हं म्हणत होत्या. इतकी वर्षं एकटीने संसार ओढला तो या माणसाच्या भरवशावर. तो भरवसाच पोकळ निघाला, तर परत जाऊन ते कुलूप उघडायचं, एवढंच हातात राहत होतं. पर्समधली किल्ली त्यांनी झोपण्यापूर्वी एकदा चाचपून पाहिली.

सकाळी काका डबा घेऊन निघाले आणि काकू डोक्याला स्कार्फ गुंडाळून मागोमाग. काका बसमध्ये पुढे, त्या मागच्या सीटवर एका जाड्या माणसाच्या आडोशाला. गोदामं गावाबाहेर असतात एवढं त्यांनाही कळत होतं, आणि काका भरबाजारात उतरले. दोन गल्ल्या वळून एका काचेच्या दारात शिरले. दारावर मोकळे केस सोडलेल्या बाईचं भलंमोठं चित्र. आता माघार नाही. काचेला नाक लावून त्यांनी आत पाहिलं.

आत काकांनी अंगात काळा एप्रन चढवला. आधी कुंचा घेऊन जमिनीवरचे केस गोळा केले. मग खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या मागे उभे राहिले, गोल ब्रशवर तिची बट घेतली आणि ड्रायर धरला. जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरासारखे. मनगट लाकडासारखं ताठ. बाई दर बटेला मान मागे झुकवत होती बिचारी.

गालिच्याची झालर! काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस इथलं जुनं मशीन घरी नेऊन झालरीवर हात बसवत होता.

त्यांनी दार ढकललं. मालकीण काहीतरी बोलली, ते कळलं नाही, पण रिकाम्या खुर्चीकडे दाखवलेला हात कळला. काकू बसल्या आणि त्यांनी स्कार्फ सोडला. थोड्या वेळाने काका हातात स्ट्रेटनर घेऊन मागे आले आणि त्यांनी आरशात पाहिलं. त्यांचा चेहरा असा पडला, की काकूंना एरवी दया आली असती.

काका हळू आवाजात म्हणाले, "गोदाम केव्हाच बंद पडलं. दुसरं काम मिळेना. घरी कुणाला सांगू नकोस."

काकूंनी जपून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. "बायकांच्या डोक्यात हात घालून जगायचं का, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," एक बट पट्टीत धरत काका म्हणाले. "म्हणून तर तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

काकूंना वाटलं होतं, हे वाक्य परत करताना काळीज थंड होईल. झालं नाही. उलट डोळेच भरून आले, आणि त्याचाही त्यांना राग आला. इतक्या वर्षांत या माणसाचा हात त्यांच्या केसांना असा मोजूनमापून कधी लागला नव्हता.

त्या म्हणाल्या, "मनगट सैल सोडा. आणि ओढू नका."

काकांनी मनगट सैल सोडलं. एकदा पट्टी कानाला लागली, काकूंनी हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी बहिणीचा फोन वाजला. तिला दम धरवत नव्हता. सापडली का ती भवानी, कुठे राहते, कोण आहे? काका पलीकडे भांडी पुसत होते, त्यांचा हात थांबला.

"काही नाही गं," काकू म्हणाल्या. "गोदामातच असतात ते. बघून आले मी, मोठे साहेब आहेत तिथे."

"आणि मग तो केस?" बहिणीने विचारलं.

काकूंनी चुरचुरणाऱ्या कानावरून फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझाच होता," त्या म्हणाल्या.