धोट्याची मूठ

माधवनगरची कापड गिरणी बंद पडली तेव्हा सुकुमार मगदूम यांनी तिथून एकच वस्तू घरी आणली, मागावर सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा. ते तिथे माग दुरुस्त करायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी गुंडा नावाच्या विणकराच्या मागावरून हाच धोटा उडून त्यांच्या कपाळावर बसला होता. गुंडाने त्यांना सायकलवरून दवाखान्यात नेलं आणि तिथूनच दोघांची दोस्ती जमली.

यंदा त्यांच्या मुलीने, भाग्यश्रीने, पुण्याहून घडीचा चाकू जुळवायचा संच पाठवला. पातं, पट्ट्या, स्क्रू सगळं होतं, पण मुठीचे तुकडे प्लास्टिकचे. सुकुमारना ते काही आवडले नाहीत. विश्रामबागेतल्या आपल्या घराच्या गच्चीवर बसून त्यांनी धोटा कापायला घेतला. करवत फिरली तसा तेलाचा आणि सुताचा जुना वास आला. मग लाकूड घासून पट्ट्यांवर बसवलं. पातं आधी अडकत होतं. स्क्रू जरा सैल केल्यावर अलगद मिटलं.

रविवारी ते चाकू घेऊन तासगावला गुंडाकडे गेले. गुंडाने मूठ नाकाशी नेली.

“सुकुमार, ह्यो तर धोटा हाय रं!”

“व्हय. तुझ्याच मागाचा.”

“आन् कापलास व्हय?”

“कपाटात पडून काय करणार हुता? आता रोज हातात ऱ्हाईल. तूच ठेव.”

गुंडाने परसातला पेरू तोडून आणला, त्या चाकूने फोडी केल्या आणि पहिली फोड सुकुमारच्या हातावर ठेवली.